देठासकट

“अगं, ही तर देवाची फुलं झाली. जरा चांगली दाखव ना!”

काकूंच्या मनात वाईट काहीच नव्हतं. लेकीचा साखरपुडा आठवड्यावर आला होता. त्यांच्या मोबाइलमध्ये कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता: पांढरी ऑर्किड, फिकट गुलाबी गुलाब, मधूनमधून जिप्सोफिलाचा धुरकट फुलोरा. माझ्या दुकानात त्या सकाळी पुढच्याच बादल्यांत पुरंदरहून आलेला जांभळा अष्टर होता, गुलछडीच्या काड्या होत्या आणि देठासकट कापून आणलेली पिवळी शेवंती होती. शेवंती इतकी ताजी, की पानांवरून बोट फिरवलं तरी तिचा तो कडसर, औषधी वास बोटाला लागत होता. काकूंनी बादल्यांकडे पाहिलं, प्रेमानंच पाहिलं, आणि ते वाक्य म्हणाल्या. मी त्यांना हवी तशी ऑर्डर लिहून घेतली, ऑर्किड मागवली, कार्यक्रम छान झाला, फोटोही सुंदर आले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

देवाला चालणारं फूल माणसाला का चालू नये?

लहानपणी आजीकडे रोज पहाटे दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली असे. पानात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली, हाताला गार लागणारी. ती उघडायचा मान माझा. आत दोन झेंडू, चार-दोन तगरी, एखादं लाल जास्वंद, तुळशीची मंजिरी. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वांची जुडी. सगळी फुलं मानेपासून खुडलेली. देठ असलेलं फूल त्या पुडीत मी कधी पाहिलं नाही. मूर्तीच्या पायाशी वाहायला देठ लागत नाही, हारात ओवताना तर त्याची अडचणच होते. गजऱ्याचं, वेणीचंही तेच. वाहायचं, ओवायचं, माळायचं, एवढीच फुलांची कामं आमच्या घराला ठाऊक होती. दिवाणखान्यातल्या शोकेसवर मात्र एक फुलदाणी होती आणि तिच्यात प्लॅस्टिकचे गुलाब. दिवाळीच्या आधी आजी ते साबणाच्या पाण्यात बुचकळायची आणि गच्चीत वाळत घालायची. ताजी फुलं देवाची आणि केसांची, पाहुण्यांपुढे प्लॅस्टिकची, अशी वाटणी कुणीतरी कधीतरी करून ठेवली होती आणि त्यात कुणालाच काही खटकत नव्हतं. काकूंच्या बोलण्यात मला आजीचं ते घर ऐकू आलं. परक्या माणसाचं बोलणं असतं तर मी संध्याकाळपर्यंत विसरले असते.

दुकान काढायचं ठरवलं तेव्हा फुलांची रचना मी शिकून घेतली होती. फुलं विकत घ्यायला मात्र पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डानं शिकवलं. उजाडायच्या आत तिथं पोचावं. टेम्पोतून पोती, क्रेट, पाट्या उतरत असतात. हमाल “बाजू, बाजू” करत डोक्यावरचं ओझं घेऊन अंगावरूनच जातात. पायाखाली पाकळ्या, पाणी आणि चिखल यांचा एक मऊ थर तयार झालेला असतो. वासांचीही गर्दी असते. गुलछडीचा गोड, जड वास सगळ्यात आधी येतो, त्याच्यामागून झेंडूचा उग्र, हिरवा. मोगऱ्याच्या गाळ्याशी पोचलं की काही क्षण दुसरं काही कळतच नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं पेशव्यांना फुलं पुरवायचं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. तिथं उभं राहिलं की वाटतं, एवढ्या जुन्या धंद्यात आपण किती उशिरा आलो. सुरुवातीला आडते माझ्याशी धड बोलतही नसत. चार गड्ड्या घेणारं गिऱ्हाईक त्यांच्या वेळेची नासाडीच करतं, आणि पहाटेचा वेळ तिथं फार महाग. मी नुसती उभी राहून बघायचे. अनुभवी हारवाले झेंडूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. वरची फुलं पाहत नाहीत, आतली ऊब पाहतात. माल आदल्या दिवशी तोडून पोत्यात दाबून ठेवलेला असेल तर ढीग आतून गरम लागतो. तोडलेलं फूलही श्वास घेत असतं, त्याचीच ती ऊब. गुलछडीच्या काडीला खालची एक-दोन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या हव्यात. सगळ्या मिटलेल्या असतील तर त्या पाण्यात नीट उमलत नाहीत. गुलाब बुडाशी हलकेच दाबून बघायचा, घट्ट लागला पाहिजे. पावसाळ्यात भिजलेला झेंडू वजनाला भरतो आणि संध्याकाळपर्यंत काळा पडू लागतो, म्हणून जाणते लोक फूल झटकून, पाणी किती उडतं ते बघून भाव करतात.

बाजारात फुलांच्या दोन जाती आहेत, हे ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले. एका बाजूला सुट्टी फुलं: झेंडू, कापरी, शेवंती, सुट्टी गुलछडी, मोगरा. त्यांचा भाव किलोवर. दुसऱ्या बाजूला गड्ड्या आणि काड्या: डच गुलाब वीस नगांची गड्डी, जर्बेरा दहाची आणि प्रत्येक फुलाच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी, लिलियम, कार्नेशन, ग्लॅडिओलस, ऑर्किड. एकीकडचं गिऱ्हाईक हारवाले, देवळं, मांडववाले. दुसरीकडचं बुकेवाले आणि हॉटेलं. अष्टर तेवढा दोन्हीकडे, जुडीतही मिळतो आणि सुट्टाही. गुलछडीही दोन्हीकडे, पण काडी वेगळी मागावी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या उघड्या शेतांत सगळ्यात जास्त पिकतं ते बहुतेक पहिल्या बाजूला आहे, बिनदेठाचं, वजनावर. माझ्यासारखीला लागतं ते दुसऱ्या बाजूला. काकूंच्या ‘देवाची’ आणि ‘चांगली’ या फरकाचं मूळ मला इथं सापडलं. देठ ज्याला आहे त्यालाच फुलदाणीत उभं राहता येतं. बाकीचं फूल कितीही देखणं असलं तरी त्याला ताटातच बसावं लागतं.

स्थानिक फूल म्हणजे नेमकं कुठलं, यावरही मी बराच विचार केला. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंध, म्हणजे आपली गुलछडी, तीही तिकडचीच. शेवंती आणि अष्टर चीनकडचे. ही सगळी परकी फुलं आपल्या सणांत अशी मुरली आहेत की झेंडूशिवाय दसरा डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मूळ गाव विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. तळेगावच्या, मावळातल्या पॉलिहाऊसमधला डच गुलाबही मला स्थानिकच वाटतो. फेब्रुवारीतला चौदा तारखेचा दिवस धरून तिथले शेतकरी दीड महिना आधी छाटणी करतात. एक आठवडा थंडी जास्त पडली की कळ्या मागे राहतात, ऊन वाढलं की आधीच फुटतात, आणि तारीख तर कुणासाठी थांबत नाही. त्या माणसांची रात्रीची झोप उडालेली मी पाहिली आहे; त्यांच्या गुलाबाला परका म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझा प्रश्न एवढाच, की ज्यानं हे फूल लावलं त्याला मी फोन करून “काल पाऊस झाला का?” असं विचारू शकते का. थायलंडहून विमानानं आलेल्या ऑर्किडच्या बाबतीत ते जमत नाही. निलगिरीहून आलेल्या कार्नेशनच्या बाबतीतही नाही. सासवड, यवत, सोरतापवाडी या गावांशी जमतं.

म्हणून एका रविवारी सासवडच्या पुढे एका अष्टरवाल्या काकांच्या शेतावर गेले. बाजारात त्यांचा माल नेहमी एकाच गाळ्यावर येई, आडत्यानंच ओळख करून दिली. अष्टराच्या वाफ्यांत जांभळा, गुलाबी, पांढरा असे पट्टे होते. ‘फुले गणेश’ नावानं राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेले हे वाण, रंगागणिक वेगळे. काकांनी ते अभिमानानं दाखवले. पलीकडे झेंडू होता आणि बांधाला शेवंतीची एक पट्टी. अष्टराचं काही अडलं नाही, तो ते झाडासकट कापून जुडी बांधतच होते. मी शेवंती आणि झेंडू देठासकट मागितला, हातभर लांबीचा. काका हसले नाहीत, पण त्यांनी बायकोकडे पाहिलं. काकूंनीच मग मला समजावलं. झेंडूचं झाड एकदा फुलायला लागलं की कित्येक आठवडे तोडणी चालते. बाया नखानं मान खुडतात, खालच्या बगलेतल्या कळ्या तशाच राहतात आणि पुढच्या तोडणीला येतात. “ताई, तुम्ही हातभर फांदी कापली, की तिच्यावरची पुढची चार फुलं तुमच्याबरोबर चालली,” त्या म्हणाल्या. “वरच्या एका फुलाचे पैसे देणार, का खालच्या चारांचे?”

एवढा स्वच्छ हिशेब मला फुलांच्या कुठल्या वर्गात कुणी सांगितला नव्हता.

त्या दिवशी आम्ही बराच वेळ बसलो. चहा झाला, शेंगा झाल्या. काडीचा भाव वजनावर लावायचाच नाही, नगावर लावायचा, आणि त्यात हरवणाऱ्या कळ्या धरायच्या, असं ठरलं. झेंडूची एक सरी माझ्यासाठी, बाकी सगळी बाजारासाठी. कापायचं दुपारच्या उन्हात नाही, पहाटे किंवा दिवस कलल्यावर, धारदार कात्रीनं, आणि कापलं की तिथंच पाण्याच्या बादलीत. शेवटची गोष्ट त्यांना पटायला अवघड गेली. सुट्ट्या फुलांच्या धंद्यात पाणी शत्रू असतं, फूल कोरडं ठेवायचं, पोत्यात भिजू द्यायचं नाही, आणि मी तर बादल्याच घेऊन आले होते. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर ती कुजतात आणि देठाचं तोंड बुजतं, हेही मी सांगितलं. काकूंनी दोन काड्या घरात तांब्यात ठेवून बघितल्या. पाच दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन केला, “अजून तशीच आहे हो!” इतकी वर्षं झेंडू पिकवणाऱ्या त्या बाईंनी आपलं फूल आपल्या घरात पाण्यात उभं केलेलं पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांच्या आवाजातला आनंद मला माझ्या कुठल्याही मोठ्या ऑर्डरपेक्षा मोलाचा वाटला, आणि थोडं वाईटही वाटलं. पिकवणाऱ्याच्या घरात फूल उरावं इतका विसावा त्या शेताला मिळतच नाही.

फुलांचं वर्ष पंचांगावर चालतं. श्रावण लागला की पत्री आणि सुट्ट्या फुलांना मागणी. गणपतीत केवडा, गौरींना तेरडा आणि आघाडा. मग पितृपक्षात सगळं थंड. त्या पंधरवड्यात झेंडू किलोला दहा-वीस रुपयांवर आलेला मी पाहिला आहे, तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून शेतकरी तो झाडावरच सोडून देतात. त्याच झेंडूला दसऱ्याच्या आदल्या दिवशी शंभराच्या पुढे भाव असू शकतो, किंवा सगळ्यांचा माल एकदम आला तर तो संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी रिकाम्या टेम्पोनं घरी जातो. दोन्ही टोकं एका पंधरवड्याच्या आत. रोप लावल्यापासून फुलायला दोनेक महिने लागतात, म्हणजे दसऱ्याचा जुगार आषाढ-श्रावणातच खेळावा लागतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं गणित आणखी वेगळं. यात भर म्हणून प्लॅस्टिकची फुलं. त्यांच्यावर बंदी यावी म्हणून राज्यातल्या फूलउत्पादकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आहे आणि मी मनानं त्यांच्याबरोबर आहे. आजीच्या शोकेसवरचे गुलाब मला आठवतात आणि तरीही आहे. ते चार गुलाब तिनं आयुष्यभर वापरले. आता मांडवाच्या मांडव प्लॅस्टिकच्या झेंडूनं भरतात, ऐन दसऱ्यात, शेजारच्या तालुक्यात खरा झेंडू कुजत असताना.

प्लॅस्टिकचा दुसरा प्रकार आमच्याच धंद्याच्या पोटात आहे: तो हिरवा स्पंज. १९५४ साली अमेरिकेत निघालेली ही युक्ती सोयीची फार. पाणी धरतो, फूल खुपसलं की हलत नाही, तासाभरात मोठी रचना उभी राहते. पण तो कुजत नाही, त्याचा भुगा होतो आणि तो भुगा सांडपाण्यातून पुढे जातो. मी तो बंद केला तेव्हा हाताखालच्या मुलीला सुरुवातीला रडू यायचं इतकं काम वाढलं. आता आम्ही कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून भांड्यात बसवतो, तिच्यात देठ अडकतात. मोठ्या मांडणीला केळीच्या खांबाचा तुकडा घेतो. तो आतून ओला असतो, काडी टोचली की एक दिवस सहज निभावते, आणि कार्यक्रम संपला की गाईपुढे जातो. ही कल्पना मला दुकानाबाहेर वेण्या करणाऱ्या मावशींनी दिली. केळीच्या सोपटाच्या दोरीत त्या मोगरा, अबोली आणि मधूनच मरव्याची काडी अशी गुंफतात की गाठ कुठं पडली ते दिसत नाही. मी त्यांच्याकडून शिकायचा प्रयत्न करते आणि त्या म्हणतात, “पोरी, बघू नको, बोटानं ओळख.” अजून माझी वेणी सैल होते. त्यांची कमाई सणावारी चांगली, एरवी बेताचीच. त्यांच्या मुलीला हे काम करायचं नाही आणि तिनं ते करावं असं मला म्हणवत नाही. पण त्यांच्या बोटांत जे आहे त्याला आमच्या धंद्यात ‘डिझाइन’ म्हणत नाहीत, याचा मला राग येतो.

सगळं फुलदाणीत आणावं असंही मला वाटत नाही. एक बाई गुलछडीच्या काड्या घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. वडील गेले तेव्हा घरभर हाच वास होता, रात्री झोप लागली नाही, म्हणाल्या. गुलछडीचा वास संध्याकाळनंतर चढतो, आणि आपल्याकडे ती लग्नाच्या हारातही असते आणि शेवटच्या हारातही. मी त्यांना अष्टर दिला. तेव्हापासून गुलछडी देताना आधी विचारते, हा वास घरात चालेल ना? बहुतेकजण हसून हो म्हणतात. एखादा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग मी दुसरी बादली पुढे करते. देवघर, मांडव, तिरडी, इतक्या ठिकाणी फिरून आलेल्या फुलाला कोऱ्या पाटीनं कुणाच्या घरात जाता येत नाही, हे मला मान्य आहे. ऑर्किडला ते सोपं आहे. ते कुणाच्याच आठवणीत नसतं, म्हणून ते कुठल्याही साखरपुड्यात चालतं. साखरपुड्याच्या त्या काकूंना कदाचित तेच हवं होतं: लेकीच्या नव्या दिवसावर जुन्या कशाचीच सावली नको. यात मला आता त्यांची चूक दिसत नाही. मी ऑर्किड अजूनही विकते, दुकानाचं भाडं त्यातूनही निघतं. फक्त आधी समोरच्या बादल्या दाखवते, कुठल्या गावच्या, कधी कापलेल्या ते सांगते, आणि जुलैत कुणी उघड्या शेतातली शेवंती मागितली तर तिला थंडीत, रात्र मोठी झाल्यावर कळी धरते, तोवर थांबा, असं सांगते. काहीजण थांबतात. मागच्या थंडीत एका मुलीनं आपल्या लग्नाचं अख्खं स्टेज शेवंती, अष्टर आणि आंब्याच्या डहाळ्यांवर करून घेतलं. तिची आजी खुर्चीवर बसून सारखी एकच गोष्ट म्हणत होती, “वास येतोय गं, खरा वास येतोय.”

सध्या काकांशी बोलणं चाललं आहे ते ‘प्रज्वल’चं. बंगळूरुजवळच्या हेस्सरघट्ट्याच्या बागायती संस्थेनं काढलेला हा गुलछडीचा वाण. कळीला किंचित गुलाबी छटा, फूल पांढरं, आणि सुट्ट्या फुलांना चालतो तसाच काडीलाही. म्हणजे माझी ऑर्डर कमी पडली तर काकांचा माल पडून राहणार नाही, तो खुडून बाजारात जाईल. कंद एप्रिल-मे महिन्यात लावायचे, पावसाळा सरता सरता काड्या सुरू. काकांना पटलं होतं, पण ते बराच वेळ मातीचं ढेकूळ हातात फोडत बसले आणि मग म्हणाले, “ताई, गुलछडी एकदा लावली की तीन वर्षं रानात राहते. तुमचं दुकान राहील का तोवर?” अष्टराचं सोपं होतं, एका हंगामाचा व्यवहार. मी लगेच हो म्हणू शकले नाही. भाडं, मंदी, गुडघे, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग आम्ही लिहूनच काढलं: दहा गुंठे लावायचे, निम्म्या सऱ्या काडीसाठी, काडीचा भाव वर्षभर एकच, पितृपक्षात पडणार नाही आणि दसऱ्याला चढणार नाही, कंदांचे निम्मे पैसे मी आधी द्यायचे, आणि मी दुकान बंद केलं तर ते परत मागायचे नाहीत.